निलाक्कांची थोरली

कोल्हापूरला समुद्र नाही. तो बघायचा तर गगनबावड्याचा घाट उतरून खाली कोकणात जावं लागतं. तरीही मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात कुणी माझा पत्ता विचारला, तर लोक खुशाल सांगायचे, "समुद्राच्या वरची खोली." हा समुद्र निलाक्कांचा होता. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, दिवाणाएवढ्या काचेच्या टाकीत तो असायचा, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर मी भाड्यानं राहायचो. बँकेनं मला अकोल्याहून इकडे पाठवलं तेव्हा ट्रंक घेऊन मी पहिल्यांदा जिना चढत होतो, तर खालून आवाज आला, "पावणं, वर पाणी सांडायचं न्हाय. खाली समुद्र हाय." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्या घरात राहिलो, त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन चांगला जाड झालो, तरी शेवटपर्यंत मी पावणंच राहिलो.

निलाक्का साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, इरकल नेसणाऱ्या. माहेर संकेश्वरकडचं, त्यामुळे राग आला की कानडी आणि राग गेला की मराठी. आवाज असा की घरात त्यांनी अप्पांना मीठ संपल्याचं सांगितलं, तर समोरचा किराणावाला परस्पर पुडा काढून ठेवायचा. स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी करतो" म्हणायच्या, कोल्हापुरातल्या सगळ्याच बायका म्हणतात तशा. मला आधी ते ऐकून गोंधळल्यासारखं व्हायचं. नंतर वाटायला लागलं, या बाईला हेच शोभतं.

अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं त्यांचं दुकान होतं. बोलायचं काम बायकोकडे सोपवून ते मोकळे झाले होते. "बरं" हा त्यांचा आवडता शब्द, आणि तो ते बऱ्याच अर्थांनी वापरायचे.

समुद्र घरात कसा आला ते अप्पांनीच मला एकदा सांगितलं. एका सुट्टीत दोघं मालवणला गेली होती. काचेच्या तळाच्या बोटीतून निलाक्कांनी पाण्याखाली पोवळ्यांचं रान बघितलं. आपण अंगठीत घालतो ते पोवळं जिवंत असतं, त्याला फांद्या फुटतात, ते खातं, वाढतं, हे त्यांना पन्नाशीनंतर कळलं आणि त्या गप्पच झाल्या. निलाक्का गप्प म्हटल्यावर अप्पा घाबरले. घाट चढून गगनबावड्याला धुक्यात चहा घ्यायला थांबले, तेव्हा बशीतला चहा संपवून त्या म्हणाल्या, "अप्पा, घरात समुद्र करायचा." अप्पा म्हणाले, "बरं."

मालवणचं काही उचलून आणायला त्यांचा सक्त विरोध होता. "तिथलं तिथं ऱ्हाऊ दे. उचलला तर गुन्हा हाय, आणि गुन्हा नसता तरी मी उचललो नसतो." परदेशात शेतीसारखी वाढवलेली, रीतसर कागद घेऊन आलेली पोवळी त्यांनी पुण्याच्या एका दुकानातून मागवली. मोटारी, पंप, पाणी गार ठेवायचं यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर, हे अप्पांकडे. जीव तेवढे निलाक्कांकडे. टाकीत हात घालायचा झाला की त्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून अप्पांकडे द्यायच्या आणि अप्पा त्या हरवू नयेत म्हणून स्वतःच्या मनगटात चढवून उभे राहायचे. मिशीवाला, तेलकट हातांचा तो माणूस पाटल्या घालून शांतपणे टाकीशेजारी उभा आहे, हे दृश्य बघायला मी कितीदा तरी काहीबाही निमित्त काढून खाली गेलो आहे.

घर लिंगायत, पक्कं शाकाहारी. पण टाकीतल्या माशांना कोळंबीचा बारीक चुरा लागायचा, तो अप्पांच्या दुकानातल्या वेगळ्या फ्रीजमध्ये असायचा. एकदा मठाचे स्वामी घरी आले आणि त्यांनी विचारलं, "हे काय ऐकतोय आम्ही, घरात मांसाहार चालतो?" आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. निलाक्का म्हणाल्या, "चालतो की स्वामी. त्यांचं जेवण त्यास्नी, आमचं आमाला. माशाला भाकरी घातली तर त्यो मरतोय, मग ते पाप कुणाच्या नावावर लिहायचं?" स्वामी टाकीपुढे पाट मागवून चांगले तासभर बसले. जाताना नारिंगी माशाचं नाव विचारून गेले.

रोज सकाळी आंघोळ झाली की निलाक्का इष्टलिंगाची पूजा करायच्या. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे डोळे लावून बघत बसायचं. पापणी हलवायची नाही, मन हलवायचं नाही. लहानपणी आईनं शिकवलेलं, लग्नाच्या दिवशीही न चुकलेलं. पूजा झाली की त्या तशाच येऊन टाकीपुढे स्टुलावर बसायच्या, आणि तिथंही तसंच बघायच्या. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "अक्का, आता इथं कसली पूजा?" तर म्हणाल्या, "पूजा न्हाय वो. बघायची सवय. तुम्ही लोक बघत न्हाई, नुसती नजर टाकतासा."

सगळ्या टाकीत त्यांचा जीव एका पोवळ्यावर होता. जांभळट टोकांचं, फांद्याफांद्यांचं. आणलं तेव्हा करंगळीच्या पेराएवढं होतं. त्यांनी ते वाढवून चांगलं परातीएवढं केलं होतं. त्याला त्या थोरली म्हणायच्या. त्यांची मुलगी सांगलीला दिलेली. तिला माहेरी आल्यावर तक्रार करायची सवय, "आई, तू आधी थोरलीला बघतेस, मग मला." निलाक्का नाकारायच्या नाहीत.

नवीन काहीही आणलं की ते सरळ समुद्रात जायचं नाही, हा त्यांचा नियम. मागच्या पडवीत एक छोटी टाकी होती, तिला पावण्याची टाकी म्हणायचे. नवीन आलेला तिथं महिनाभर राहणार, औषधाच्या पाण्यात बुडवला जाणार, त्याच्या अंगावर काही कीड नाही अशी खात्री झाली की मग आत. अप्पांनीसुद्धा एकदा हौसेनं आणलेला शंख तिथं महिनाभर मुक्कामाला होता.

नियम मोडला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बोळातल्या बायकांनी घर भरलं होतं आणि मी जिन्यात तिळगुळाच्या आशेनं बसलो होतो. मुलीच्या सासूबाई, सांगलीच्या विहीणबाई, मुद्दाम आल्या होत्या. बाई करड्या. बोलणं मोजकं, साडीची घडी जागच्या जागी. त्यांनी निलाक्कांची ओटी भरली. खण, नारळ, आणि वर पाण्यानं फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत हिरव्या पोवळ्याची फांदी. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला आवडतं म्हणून शोधून आणलं. सोडा बघू तुमच्या समुद्रात, मला बघायचंय." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ओटीत आलेलं पडवीत कसं ठेवायचं? ते देवापुढे न्यायचं असतं. त्यातून विहिणीनं दिलेलं. निलाक्कांनी पाटल्या काढल्या आणि फांदी थोरलीच्या शेजारी सोडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिळगुळ मिळाला.

पुढे महिन्याभरात थोरलीचा रंग उतरायला लागला. बुडाकडच्या फांद्यांवर बारीक गोल पांढुरके ठिपके आले. पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, उजेड जास्त होतोय, कमी करा. निलाक्का म्हणाल्या, "उजेड त्योच, पोवळं तेच. मग आताच कसं?" आणि त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

त्या दिवशी मी बँकेत निघालो होतो. त्यांनी दारातच अडवलं. "पावणं, हिकडं या. ह्या फांदीवर काय दिसतंय?"

"फांदी दिसतेय."

"फांदीवर?"

"काही नाही."

"मघाशी फांदीची सावली हालली. फांदी न्हाई हालली. माझं डोळं अजून फुटल्यालं न्हाईत."

त्यांनी रंगपंचमीची पिचकारी घेतली, टाकीतलंच पाणी तिच्यात ओढलं आणि फांदीवर नेम धरून जोरात मारलं. फांदीचाच एक पापुद्रा सुटून वर आला. कांद्याच्या सालीएवढा पातळ, फांदीच्याच रंगाचा. आणि तो पाण्यात कडा हलवत पोहायला लागला. तो किडा होता. चपटा, जवळजवळ आरपार दिसणारा, पोवळ्याचं मांस खाऊन पोवळ्याचाच रंग घेऊन बसलेला.

"हुळ!" निलाक्का ओरडल्या. कानडीत हुळ म्हणजे किडा, हे त्या दिवशी सगळ्या बोळाला कळलं. "अप्पा, हुळ लागली थोरलीला!"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गडमुडशिंगीला शेती बघणारे धाकटे दीर संध्याकाळी फवाऱ्याचा पंप पाठीला लावूनच हजर झाले. "वहिनी, उसाला मारतो ते औषध आणलंय. एक फवारा, इषय संपला." निलाक्कांनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "तुमच्या उसात मासं पोहत्यात काय? किड्यासंगं समदा समुद्र मारतासा व्हय?" दीर ओट्यावरच चहा पिऊन परत गेले.

मग निलाक्कांनी पुस्तकं, दुकानदाराचे मेसेज, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं, असं सगळं अप्पांकडून वाचून घेतलं. पांढऱ्या टबात समुद्राचंच पाणी, त्यात आयोडीनचं तांबडं औषध. थोरलीला दगडासकट उचलून त्यात धरलं आणि पिचकारी मारली. किडे भराभर झडून पडले. टबाच्या पांढऱ्या तळावर ते वळवळताना बघून निलाक्का हरखल्या. त्या दिवशी शिरा झाला. मलाही दोनदा वाढला.

तीन आठवडे बरे गेले आणि ठिपके परत आले. पहिल्यापेक्षा जास्त.

त्या काळातली निलाक्का मला आठवली की अजून वाईट वाटतं. आवाज खाली आला होता. किराणावाला दोनदा विचारून गेला, अक्का आजारी आहेत का. औषधानं किडे मरतात, अंडी मरत नाहीत, हे त्यांना उशिरा कळलं होतं. थोरलीच्या बुडाशी, जिथं मांस उरलं नव्हतं, नुसतं पांढरं हाड होतं, तिथं खसखशीसारखे तपकिरी पुंजके चिकटले होते. ते फुटले की पुन्हा नवे किडे.

"ही गेली की टाकी मोकळी करायची," त्या मला म्हणाल्या. "पाणी मोरीत. काच कुणाला हवी असंल तर घेऊन जाईल. मला पुन्यांदा पेरापासनं न्हाई जमायचं, पावणं. माझं वय झालं."

बँकेत कर्ज नाकारताना बोलायची वाक्यं मला पाठ आहेत, पण ती इथं चालणारी नव्हती. मी वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला. खणखणीत, जुना. "अप्पा, कटर आणा!"

मी धावतच खाली गेलो. थोरली टबात होती. निलाक्का पूजा करून आल्या होत्या, कपाळावरची विभूती ओलीच होती. अंडी फक्त हाडावर असतात, जिवंत मांसावर नसतात, हे त्यांनी पहाटेपासून बघून पक्कं केलं होतं. मग हाडच ठेवायचं नाही. वरच्या जिवंत फांद्या तेवढ्या कापून घ्यायच्या, बाकी सगळं फेकायचं. आणि त्या फांद्या, हिरव्या फांदीसकट बाकीची पोवळी, सगळं पावण्याच्या टाकीत ठेवून मोठी टाकी पोवळ्यावाचून मोकळी सोडायची. या किड्यांना दुसरं काही खाता येत नाही. समुद्रात जे उरलेत, जे अंड्यांतून फुटतील, ते उपाशी मरू देत.

अप्पांनी कटर हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. आयुष्यभर केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेला हात, पण तो फांदीपर्यंत जाईना. "तूच वाढवलीस," ते म्हणाले. बायकोशी बोलताना मी ऐकलेलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

"म्हणून तर म्हणतो, कापा. उगंच बघत बसू नका."

अप्पांनी कापलं. परातीएवढी थोरली, तिच्या बोटाबोटाएवढ्या फांद्या झाल्या. खालचा बुंधा निलाक्कांनी स्वतः कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि घरी येऊन हात धुतले. तेव्हा मात्र त्या रडल्या. लपवलं नाही, मोठ्यानं रडल्या, आणि मग पदरानं तोंड पुसून फांद्या नव्या ठोकळ्यांवर चिकटवायला बसल्या.

नेमका त्याच आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला, माझी फांदी कशी आहे? मुलीच्या सासरचं काम. मी म्हटलं, आता अक्का म्हणणार, मजेत आहे. निलाक्का म्हणाल्या, "या, बघायलाच या." आणि विहीणबाई आल्यावर रिकाम्या समुद्रापुढे उभं करून त्यांनी सगळं सांगितलं. "तुमच्या फांदीसंगं हुळ आली, पर तुमची चूक न्हाय. पावण्याला दारात पाय धुवायला पाणी द्यायचं असतं. मी त्यास्नी थेट देवघरात नेलो. चूक माझी."

विहीणबाई टाकीजवळ गेल्या. चेहरा करडाच. मुलीचं आता काय होणार या काळजीत मी पडलो. मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला. "अंडी कशानं काढता?"

"कापल्याल्या बुडाला हाड उघडं ऱ्हातंय, तिथं अजून एखादं ऱ्हायलंय का ते बघतो. सुईनं खरवडतो. पर माझा हात जाड."

"द्या इकडे. माझ्या हातची कशिद्याची साडी पाहिलीये ना तुम्ही?"

तेव्हापासून दर रविवारी विहीणबाई एसटीनं यायच्या. जेवणाच्या टेबलावर पांढरा टब, एका बाजूला निलाक्का, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. निलाक्का बघायच्या आणि दाखवायच्या, "तिथं, तिसऱ्या फांदीच्या बुडाला," आणि विहीणबाई सुईच्या टोकानं तो पुंजका असा उचलायच्या की फांदीला कळूही नये. एकीची नजर, दुसरीचा हात. मधे दोघी लेकीसुनांबद्दल, मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलायच्या. लग्नात मानापानावरून एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या याच दोन बाया, असं अप्पांनी मला कानात सांगितलं. दर रविवारी टबात कमी किडे पडायचे. मग एका रविवारी एकच पडला. मग एकही नाही. तरी निलाक्का म्हणाल्या, "अजून न्हाय. एकदा फसलो."

आणि माझी बदली झाली. नाशिकला हजर व्हायचं होतं. सामान बांधून टेम्पो ठरवला, पण शेवटची तपासणी रविवारी होती आणि ती बघितल्याशिवाय मी हलणार नव्हतो. नाशिकच्या साहेबांना काय कारण सांगितलं ते इथं लिहीत नाही.

रविवारी टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. फांद्या टबात उतरवल्या, औषध पडलं, पिचकारी मारून झाली. आम्ही सगळे टबावर वाकलो. पाणी हळूहळू निवळलं. तळ पांढरा स्वच्छ. आणि विहीणबाई एकदम म्हणाल्या, "थांबा. ते काय?"

कोपऱ्यात एक तपकिरी कण होता. निलाक्कांनी टब स्वतःकडे ओढला आणि त्या बघायला लागल्या. बघतच राहिल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून. अप्पांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"किडा न्हाय," निलाक्का शेवटी म्हणाल्या. "दगडाचा चुरा हाय." मग ताठ उभ्या राहिल्या. "न्हाय! एक बी न्हाय! संपली जात त्यांची!"

थोरलीची पहिली फांदी समुद्रात बसवायचा मान विहीणबाईंना दिला. बाकीच्या निलाक्कांनी भराभर लावल्या. प्रत्येक टोकावर नवा जांभळा रंग आला होता. एकीच्या जागी आता अख्खी बाग उभी राहणार होती. अप्पा कुठं दिसेनात म्हणून बघतो तर ते माळ्यावरून फटाक्यांची लांबलचक माळ काढत होते. पेठेची फुटबॉल टीम फायनल जिंकणार म्हणून आणलेली, टीम हरली म्हणून तशीच राहिलेली. कुणाला काही न विचारता त्यांनी ती भर दुपारी बोळात पसरली आणि पेटवली.

माळ सुरू झाली तशी तालमीतली सगळी पोरं धावत आली. त्यांना वाटलं, कुठंतरी मॅच झाली आणि आपल्याला पत्ताच नाही. मी टेम्पोत चढलो होतो, मागच्या फळीला धरून उभा होतो. धुरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोण जितलं वो अक्का?"

निलाक्का बोळाच्या मधोमध, दंडापर्यंत ओल्या, धुरात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आमची थोरली!"

थोरली कोण, कुठल्या पेठेची, कुणाशी खेळली, एकालाही ठाऊक नव्हतं. पण जिंकली म्हटल्यावर कोल्हापूरकर जास्त चौकशी करत बसत नाही. टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हा सगळा बोळ एका आवाजात गर्जत होता, "थोरलीच्या नावानं चांगभलं!"